जीप घ्यायच्या आधी हातोडी घ्या

मंडळी, पोलादपूरकडे कुणाच्या गोठ्यामागे ताडपत्रीखाली जुनी जीप दिसली की डोक्यात हिशोब सुरू होतो: भंगाराच्या भावात घ्यायची, रंगवायची, दामदुपटीने विकायची. थांबा जरा.

आधी आरसी बघा. त्यावरचा चासी नंबर गाडीशी जुळला नाही, तर विषय तिथेच सोडा. मग चासी हातोडीने ठोकत जा. टणटण वाजली तर ठीक, भद्द वाजली तर आतून गंजलीय. कोकणचा पाऊस तिला आतूनच खातो. त्यात जुलै २०२१ मध्ये महाडच्या पुरात बुडालेली असेल, तर सावित्रीचा गाळही निघेल. वरून पुट्टी-रंग मारला की यातलं काही दिसत नाही. मीही एकदा असाच भुललोय.

पार्टची चिंता कमी. महिंद्राने १९४७ पासून मुंबईत विलीज जीप जोडल्या, त्यामुळे जुना माल अजून फिरतो. जीपवेड्यांचा ग्रुप गाठा. कुठल्या मॉडेलला काय बसतं ते त्यांना तोंडपाठ असतं, आणि तुमचं गिऱ्हाईकही तेच. चकचकीत रंगापेक्षा ओरिजिनल इंजिनाला ते जास्त पैसे मोजतात.

पन्नास वर्षांवरची गाडी २०२१ च्या नियमाने विंटेज म्हणून नोंदवता येते. फी २० हजार, नंबरात 'व्हीए'. पण ती रोज चालवता येत नाही, धंद्यासाठी तर नाहीच. आंबेनळी घाटातून पर्यटक फिरवायचा प्लॅन असेल, तर तो या नोंदणीत बसत नाही.