माळ्यावरचा फिशिंग रॉड

लोणावळा-खंडाळ्यात पावसाळा सरला की काही जुने बंगले रिकामे होतात. मालक मुंबईचे, पुढची पिढी परदेशात, बंगला बिल्डरच्या ताब्यात जायचा असतो. मग आतलं सामान निघतं. सागवानी कपाटं, पितळी पलंग, मोठे आरसे यांना गिऱ्हाईक दारात उभं असतं, कारण त्यांचा भाव सगळ्यांना ठाऊक आहे. पण जिन्याखालून किंवा माळ्यावरून एक लांब, मळकट कापडी पिशवी निघते. आत तीन-चार काठ्या, टोकांना पितळी टोपणं, कुठे सुटलेला रेशमी दोरा. ती पिशवी भंगारवाल्याच्या हातगाडीवर जाते, नाहीतर काठ्या बंबात जळतात. आमचं काम जुन्या फर्निचरच्या दुरुस्तीचं, आजोबांपासून चालत आलेलं. लाकूड, सरस आणि पितळ रोज हाताखालून जातं, म्हणून या काठ्यांकडे माझं लक्ष गेलं आणि मग त्यांनी मला सोडलं नाही. इतकं नाजूक आणि इतकं चिवट सुतारकाम मी दुसऱ्या कुठल्याही वस्तूत पाहिलेलं नाही.

या गावात फिशिंग रॉड का सापडतात, याचं उत्तर आपल्या तलावांत आहे. टाटांच्या जलविद्युत योजनेची पायाभरणी १९११ साली झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीच्या वीजघरातून मुंबईला वीज जाऊ लागली. त्यासाठी लोणावळा, वलवण आणि शिरोता हे तलाव बांधले गेले. पुढे आंध्रा खोऱ्यात ठोकळवाडीचं धरण झालं, त्याचं पाणी १९२२ पासून भिवपुरीला वीज करू लागलं. घाटमाथ्यावर एवढं साचलेलं पाणी आधी नव्हतंच. मुंबईहून आगगाडीने येणारा साहेब, पारशी शेठ, रेल्वेचा अधिकारी असे हौशी लोक मग रॉड घेऊन तलावाकाठी बसू लागले. या पाण्याखाली मावळातल्या माणसांची शेतं गेली, हेही इथेच सांगायला हवं. शेजारच्या मुळशीत अशाच बुडणाऱ्या जमिनींसाठी १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला.

तलावांची ही सालं मला रॉड ओळखायलाही उपयोगी पडतात. घरचे लोक मोठ्या श्रद्धेने सांगतात की पणजोबा याच रॉडने १८९० च्या सुमारास वलवणला मासे धरायचे. तेव्हा वलवणला तलावच नव्हता. रॉड तेवढा जुना असेल, तर पणजोबा दुसरीकडे कुठे तरी बसत असतील. पवना धरणाच्या काठचा फोटो दाखवला, तर तो १९७० च्या दशकातला किंवा नंतरचा. घरची गोष्ट खोटी असते असं मी म्हणत नाही. पण ती वस्तूशी, जागेशी आणि सालाशी ताडून पाहिली, तरच तिला वजन येतं.

आता काठी हातात घ्या. पहिला प्रश्न, ती कशाची आहे? पिशवीतून एक तुकडा काढून खिडकीजवळ न्या आणि बोटांत हळूहळू फिरवा. बोटांना सहा सपाट बाजू लागल्या, तर ते चिरलेल्या बांबूचं काम आहे. त्याला इंग्रजीत स्प्लिट केन म्हणतात. बांबूच्या सहा पट्ट्या अशा तासायच्या की प्रत्येकीचा छेद त्रिकोणी व्हावा, मग सहाही एकमेकींना चिकटवून भरीव षटकोनी काठी करायची. बांबूची टणक साल बाहेर राहते, मऊ गर आत जातो. शेंड्याकडे ही काठी आगकाडीहून जाड नसते, तरी तिथेही सहा पट्ट्याच असतात. पट्ट्यांची पेरं एकाच जागी येऊ न देता पुढे-मागे सरकवलेली असतात, म्हणजे कमकुवत जागा एकत्र जमत नाही. भिंग लावून पेरं कशी विभागली आहेत ते पाहा. चांगल्या कारागिराची ओळख तिथे पटते. बुडाच्या तुकड्यावर हे पाहणं सोपं, पण खरी परीक्षा शेंड्याची.

काठी गोल, जड, गडद तपकिरी आणि बिनपेराची असेल, तर ते बहुधा ग्रीनहार्ट, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या गयानाचं लाकूड. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला त्याचे रॉड फार चालत. रंगीत, गुळगुळीत, पेराचा मागमूस नसलेली आणि वजनाला हलकी काठी फायबर ग्लासची, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतरची. काळा कार्बन फायबर १९७० च्या दशकात आला. पोकळ पोलादी नळीचेही रॉड निघाले होते. त्यांना लोहचुंबक चिकटतं. बांबूच्या चांगल्या रॉडचे सांधे पितळेचे किंवा जर्मन सिल्व्हरचे असतात, त्यांना चिकटत नाही.

या बांबूची एक हकीकत मला फार आवडते. सुरुवातीला इंग्लंड-अमेरिकेतले कारागीर हे रॉड आपल्याकडून, कलकत्ता बंदरातून गेलेल्या बांबूचे करायचे. त्या बांबूला तिकडे ‘कलकत्ता केन’ असंच नाव होतं, आणि त्याच्या अंगावर बऱ्याचदा भाजल्याचे काळे डाग असत. पुढे दक्षिण चीनमधला टोंकिन बांबू आला, तो जास्त सरळ आणि ताठ, आणि कलकत्त्याचा मागे पडला. म्हणजे लोणावळ्याच्या माळ्यावरची एखादी फार जुनी विलायती काठी मुळात आपल्याच मातीतली असू शकते.

यानंतर कड्या पाहा. दोरी ज्यांतून जाते त्या कड्या लोंबत्या, सैल असतील तर रॉड बहुधा एकोणिसाव्या शतकातला. नागमोडी तारेच्या स्थिर कड्या त्यानंतरच्या. बुडाजवळच्या आणि टोकाच्या कडीत लालसर किंवा करडा दगड बसवलेला दिसला तर तो अकीक. ओली दोरी घासून धातू झिजू नये म्हणून तो घालत. अकीक तडकलेला असला की किंमत उतरते.

मग नाव शोधा. मुठीच्या वर काठीवर शाईने लिहिलेलं असतं, बुडाच्या टोपणावर किंवा दोरी गुंडाळायचं रीळ बसतं त्या पट्टीवर ठोकलेलं असतं. इंग्लंडच्या उत्तरेला अ‍ॅनिक नावाचं गाव आहे, तिथे १८७२ साली सुरू झालेली हार्डी ब्रदर्स ही या क्षेत्रातली सर्वांत मानाची पेढी. त्यांच्या चिरलेल्या बांबूचं व्यापारी नाव ‘पॅलाकोना’. हे नाव, मॉडेल आणि नंबर मिळाला, तर कंपनीच्या जुन्या कॅटलॉगांशी ताडून काळ बराचसा नक्की करता येतो. ऑलकॉक आणि मिलवर्ड या रेडिचच्या पेढ्या. रेडिच हे सुया आणि गळ बनवणाऱ्यांचं गाव, तिथून जगभर माल जायचा. लंडनची फार्लो ही पेढी १८४० ची. आपल्याकडे आणखी एक शिक्का भेटतो, आर्मी अँड नेव्हीचा. मुंबईत काळा घोड्याला त्यांची इमारत अजून उभी आहे. ही मंडळी दुसऱ्यांकडून माल करून घेऊन आपलं नाव घालत. शिक्क्यात ‘को-ऑपरेटिव्ह सोसायटी लिमिटेड’ची सी.एस.एल. ही अक्षरं असतील, तर माल १९३४ च्या आधीचा, कारण त्या साली कंपनीचं नाव बदललं.

नाव नसलेल्या रॉडचं काय? त्याचं काम बोलतं. इथला रॉड हलका, लवचीक आणि बारीक कड्यांचा असेल, तर तो विलायतेतल्या ट्राउट माशासाठी घेतलेला आणि मालकासोबत इकडे आलेला. आखूड, ताठ आणि मोठ्या कड्यांचा असेल, तर चमच्यासारखं पातं फिरवत महसीर धरण्यासाठी. महसीर म्हणजे आपला खडस, इथल्या नद्यांचा राजा. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली शास्त्राला त्याची ओळख करून दिली ती पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. त्याच्या जबड्याची आणि घशातल्या दातांची ताकद अशी की साधा गळ चुरडून जातो. म्हणून महसीरच्या सामानात सगळं दणकट लागतं. मद्रासचे सनदी अधिकारी एच. एस. थॉमस यांनी १८७३ साली ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक लिहिलं आणि भारतात कुठला रॉड, कुठला गळ वापरावा हे साहेबांना त्यातून कळू लागलं. घरात त्याची जुनी प्रत निघाली तर ती रॉडबरोबरच ठेवा.

हा मासा पुढे फार घटला. मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९७० च्या सुमारास लोणावळ्यात टाटांच्या तलावावर त्याची कृत्रिम पैदास यशस्वी केली, आणि वलवणच्या पैदास केंद्रातली पिल्लं पुढे दूरच्या राज्यांतल्या नद्यांतही सोडली गेली. रॉडच्या माहितीत हे का, असं कोणी विचारेल. ज्या माशासाठी ही हत्यारं घडली, तो वाचवण्याचं मोठं काम आपल्याच गावात झालं. मला याचा अभिमान वाटतो, म्हणून सांगतो.

आता किंमत. सगळ्यात आधी टेप घ्या. दहा फुटी, तीन तुकड्यांचा रॉड जोडल्यावर १२० इंच भरायला हवा. सुटा तुकडा ४० इंचांहून थोडा जास्त, कारण सांध्यात काही भाग आत जातो. मधला तुकडा आणि शेंडा एकमेकांशेजारी ठेवा. शेंडा दोन-तीन इंच आखूड निघाला, तर तो कधीतरी मोडला आणि टोकाची कडी पुन्हा बसवली गेली. एवढ्यानेच किंमत निम्म्याखाली येऊ शकते. चांगल्या रॉडसोबत दोन शेंडे द्यायची पद्धत होती. दोन्ही पूर्ण लांबीचे, मूळ पिशवी, जमलं तर खरेदीची पावती, असं सगळं असेल तर संग्राहक खरोखर पुढे येतो.

मग तुकडा डोळ्यासमोर धरून बंदुकीसारखा नेम धरा. वाक कळेल. थोडा वाक चालतो. नखाने सहाही कडा वरून खाली तपासा. कुठे नख अडकलं, तर सांध सुटली आहे. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि महायुद्धाआधीचे रॉड जनावरांच्या सरसाने चिकटवलेले असत. ओलीत सरस फुगतो आणि सोडतो. त्यामुळे इथल्या जुन्या रॉडमध्ये हा दोष सर्रास आढळतो.

आकड्यांबद्दल स्पष्ट बोलतो, कारण ऐकीव गोष्टींनी लोक हुरळतात. ब्रिटनच्या लिलावांत साधे, दुरुस्त केलेले बांबूचे रॉड शंभर पौंडांच्या आतच जातात. नावाजलेल्या पेढीचा, न वापरल्यासारखा रॉड काहीशे पौंड आणतो. हजारांत जाणारे बहुतेक रॉड अमेरिकेतल्या लेनर्ड, पेन, गॅरिसन अशा कारागिरांचे, आणि ते आपल्याकडे जवळजवळ येतच नाहीत. खरा पैसा बऱ्याचदा शेजारी पडलेल्या रिळात असतो. हार्डीचं सुरुवातीचं पितळी ‘परफेक्ट’ रीळ तिकडे हजारो पौंडांना गेलेलं आहे. म्हणून काठी बघताना ड्रॉवर, जुने डबे, शिकारीच्या पेट्या रिकाम्या करूनच उठा.

आपल्याकडे याचा नियमित बाजार नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात सांगितलेला भाव हा विकणाऱ्याच्या अंदाजाचा असतो. कायद्याचंही भान ठेवा. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होऊ शकतो. परदेशी पाठवण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्यावा. आणि रिळाची मूठ हस्तिदंती निघाली, तर तिची खरेदी-विक्री करता येत नाही. रॉड वापरायची इच्छा झाली, तर तलावावर मासेमारीची परवानगी आधी विचारा.

काय करू नये, हे मला कळकळीने सांगायचं आहे. पॉलिश पेपर लावू नका. मूळ वार्निश आणि त्याखालची शाईची अक्षरं एकदा गेली की परत येत नाहीत, आणि ओळखही त्यांच्याबरोबर जाते. पितळ लखलखीत करू नका. सांधा अडकला तर पक्कड लावू नका, पिळू नका. दोघांनी दोन टोकं धरून सरळ रेषेत ओढायचं, आणि नाही निघालं तर थांबायचं. ओल्या पिशवीत किंवा बंद प्लास्टिकच्या नळीत ठेवू नका. भिंतीला टेकवून उभा ठेवला की वाक धरतो. सुकी सुती पिशवी, तिचा बंद खुंटीला, आणि हवा खेळती, एवढं पुरे.

मावळातल्या आपल्या लोकांच्या गळाच्या काठीबद्दलही बोलायला हवं. अख्खा बांबू, दोरी आणि गळ. तिच्यावर ना नाव ना नंबर. लिलावात तिला काहीच मिळणार नाही. पण बंगल्यातल्या रॉडची ओळख कॅटलॉगात सापडते, हिची फक्त ती वापरणाऱ्या माणसाच्या तोंडी असते. म्हणून मी दोन्ही सारख्याच जपतो, आणि संग्रहालयं हिला जागा देत नाहीत याचं मला वाईट वाटतं.

तुमच्या घरात अशी पिशवी असेल, तर या दिवाळीच्या साफसफाईत ती खाली काढा. प्रत्येक तुकड्याची लांबी मोजा, अक्षरांचे आणि कड्यांचे जवळून फोटो काढा. मग घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारून घ्या, हा कोणाचा होता, कुठल्या पाण्यावर वापरला, सोबत कोण असायचं. ते साध्या कागदावर तारखेसकट लिहा आणि पिशवीत ठेवा. विकायचं की ठेवायचं, हे त्यानंतर ठरवा.