प्रतिध्वनीतून डोळ्यातील गाठीची ओळख

आठवडी बाजारात मडके घेताना आपण त्यावर टिचकी मारतो. मडके न फोडता, केवळ आवाजावरून ते पक्के की तडकलेले हे कळते. डोळ्यातील गाठीची परीक्षाही काहीशी अशीच होते.

लहान मुलांच्या दृष्टिपटलाचा कर्करोग, म्हणजे ‘रेटिनोब्लास्टोमा’, बहुधा वयाच्या पाच वर्षांच्या आत आढळतो. बाहुलीत पांढरी चमक दिसणे किंवा डोळा तिरळा होणे ही त्याची प्रमुख लक्षणे होत. अन्य गाठींप्रमाणे येथे सुई घालून तुकडा काढणे टाळतात. कारण त्या छिद्रातून रोगट पेशी डोळ्याबाहेर पसरण्याचा धोका असतो.

म्हणून श्राव्यातीत ध्वनीचा आधार घेतला जातो. माणसाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. डोळ्याच्या सोनोग्राफीत साधारणतः १ कोटी कंपनांचा ध्वनी वापरतात. तो डोळ्यातील निरनिराळ्या थरांवर आदळून परततो. त्या प्रतिध्वनीचा आलेख म्हणजे ‘ए-स्कॅन’ आणि चित्र म्हणजे ‘बी-स्कॅन’. रेटिनोब्लास्टोमाच्या गाठीत बहुधा कॅल्शियमचे कण असतात. त्यांच्यावरून प्रतिध्वनी जोरदार येतो व त्यांच्यामागे सावली पडते. ही खूण निदानास फार मोलाची ठरते.

डोळ्यातील गाठीसाठी हे तंत्र १९५६ मध्ये अमेरिकेत मुंट व ह्यूज यांनी वापरले. मात्र चित्र तयार होताना मूळ संकेतातील बरीच माहिती गळून जाते. ती वाया जाऊ नये म्हणून न्यूयॉर्कमधील फ्रेडरिक लिझी व जॅक्सन कोलमन यांनी संकेताचे वारंवारितेनुसार पृथक्करण करण्याची पद्धत विकसित केली. तिच्यामुळे, विशेषतः प्रौढांच्या ‘मेलॅनोमा’ गाठीत, चित्रात न दिसणाऱ्या सूक्ष्म रचनेचा अंदाज बांधता येतो. अर्थात संकेत साक्ष देतो. निर्णय मात्र डोळा आतून तपासणाऱ्या तज्ज्ञाचाच असतो.

आपले अनेक माजी विद्यार्थी आज पालक आहेत. त्यांना एवढेच सांगणे आहे : फ्लॅश वापरून काढलेल्या छायाचित्रात बाळाची एक बाहुली लाल व दुसरी पांढरी दिसली, तर ‘फोटोच तसा आला’ म्हणून सोडून देऊ नका. प्रत्येक पांढरी बाहुली कर्करोगाची नसते, मोतीबिंदूचीही असू शकते; परंतु तपासणी दोन्हींत तातडीची असते. घनसावंगीहून जालन्याचे नेत्रालय दूर नाही आणि पुढील उपचारांसाठी मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आहे. रोग वेळेत ओळखला, तर बाळाचा जीव वाचतो आणि पुष्कळदा डोळाही.