ध्रुवप्रकाश टिपताना

नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला हल्ली आपल्याकडचीही बरीच मंडळी ध्रुवप्रकाश पाहायला जातात. सप्टेंबर ते मार्च तिथे रात्री पुरेसा काळोख असतो. मी गेलो तेव्हा आमच्या गटातल्या एक काकू आकाशाकडे बघून म्हणाल्या, ‘अहो, हा तर पांढरट ढग! हिरवा रंग कुठाय?’ शेजाऱ्याने मोबाइल पुढे केला, तर पडद्यावर हिरवागार पट्टा. मोबाइलच रंग भरतो, असं काकूंचं ठाम मत झालं.

रंग खराच असतो. मंद उजेडात आपल्या डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या पेशी जवळजवळ थंडावतात. शिवाय डोळ्याला प्रकाश साठवता येत नाही. कॅमेरा तो कित्येक सेकंद गोळा करत राहतो. हिरवा रंग साधारण १०० किलोमीटरच्या वरच्या ऑक्सिजनचा. २०० किलोमीटरपलीकडे तोच ऑक्सिजन लाल प्रकाश देतो आणि तो डोळ्याला दिसणं आणखी अवघड. मे २०२४ च्या सौरवादळात लडाखमधल्या हानले इथल्या कॅमेऱ्यांनी आकाशातली अशीच लाली टिपली होती.

म्हणून पहिली गरज महागड्या कॅमेऱ्याची नव्हे, तिपाईची. मोबाइल असेल तर नाइट मोड लावा, फ्लॅश बंद करा आणि ३ सेकंदांचा टायमर ठेवा, म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही. कॅमेऱ्यात अॅपर्चर शक्य तेवढं उघडं, आयएसओ १६०० ते ३२०० आणि शटर ५ ते १५ सेकंद, इथून सुरुवात करावी. प्रकाशाचा पडदा वेगाने हलू लागला की शटरचा वेळ २-३ सेकंदांवर आणा, नाहीतर त्याच्या सुंदर चुण्या पुसून नुसता हिरवा लगदा उरतो.

खरी मेख फोकसची. अंधारात ऑटोफोकस चाचपडत बसतो. तो बंद करून एखादा ठळक तारा पडद्यावर मोठा करावा आणि तो बारीक ठिपका होईपर्यंत कडं हळूहळू फिरवावं. कडं शेवटपर्यंत फिरवलं की झालं, असं अनेकांना वाटतं; पुष्कळ भिंगं त्या टोकाला धूसरच दाखवतात.

प्रकाश जोरात असेल तर हिरवा रंग साध्या डोळ्यांनीही दिसतो. आमच्या तिसऱ्या रात्री तो काकूंनाही दिसला. तेव्हा निम्मा गट मोबाइलमध्ये मान घालून होता, याचं मला नवल वाटलं.

थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते; जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा. आणि हॉटेलात शिरण्याआधी, बाहेरच, कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करा. उबदार हवेतलं बाष्प मग गार भिंगाऐवजी पिशवीवर जमतं. कॅमेरा खोलीइतका कोमट होईपर्यंत पिशवी उघडू नका.