गाडी मूलकडे वळवा: झाडीपट्टीच्या नाटकाबद्दलचे गैरसमज

लाइव्ह कार्यक्रम ऐकायचा म्हटलं की नागपूरची तरुण जोडपी शनिवारी मोठ्या शहराची वाट धरतात. दिवाळी ते होळी या दिवसांत तीच गाडी उमरेड, नागभीड, सिंदेवाहीवरून चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलकडे वळवली तर झाडीपट्टीचं, म्हणजे पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्याचं, नाटक गाठता येतं. तिथे नट-नटी स्वतः गातात, वादक रंगमंचापुढे बसून वाजवतात आणि पहाटेपर्यंत मंडपातून कुणी उठत नाही. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. आड येतात त्या ऐकीव गोष्टी.

‘तमाशाच ना तो?’ हा प्रश्न सगळ्यांत आधी येतो. तमाशा नव्हे आणि दंडारही नव्हे. दंडार, खडी गंमत या इथल्या जुन्या लोककला. त्यांचा रंग नाटकात उतरलाय, पण नाटक हे अंकांचं, पडद्याचं, लिहिलेल्या संहितेचं असतं. विषय घरातलेच: कर्जात बुडालेला शेतकरी, दारू, हुंडा, भावाभावांतला जमिनीचा तंटा. गावोगावच्या रंगमंचांवर संगीत नाटकाची पदं मागे पडत गेली. इथे मात्र गाणं नाटकातून सुटलं नाही. ऑर्गन आणि तबल्याच्या जोडीला आता ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड आलेत. एखादं गाणं रंगलं की मंडपातून ‘वन्स मोअर’ उठतो, कुणी बक्षीस पाठवतो, त्याचं नाव माइकवरून पुकारलं जातं आणि थांबलेला प्रसंग पुन्हा तिथूनच सुरू होतो. काही जत्रांत शेजारी ‘डान्स हंगामा’चे तंबूही लागतात. त्यांच्यावरून नाटकाला नावं ठेवणं हा या कलावंतांवर अन्याय आहे, असं मी स्पष्ट म्हणेन. गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी. सुमारे ५ हजार प्रयोगांत ८०० वर भूमिका त्यांच्या नावावर आहेत.

‘गावातलं नाटक, म्हणजे फुकटच असेल.’ तिकीट असतं. खुर्चीचं जास्त, खाली बसायचं कमी. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा, म्हणजे देसाईगंजात, नाटक कंपन्यांची कार्यालयं थाटलेली असतात. गावचं मंडळ तिथे जाऊन तारीख ठरवतं, पैसे ठरवतं, मग भोंगा लावलेली गाडी आसपासच्या गावांत फिरते. नाटक पडलं तर तोटा मंडळाचा, म्हणून तिकीट विकत घेऊनच आत जा.

तारखेबद्दलचा गैरसमज शहरी जोडप्यांना सर्वांत जास्त नडतो. इथलं नाटक शनिवार-रविवार बघून लागत नाही. धानाची कापणी उरकली, हातात थोडा पैसा आला की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात आणि त्या दिवसाच्या रात्री नाटक. त्यामुळे आधी तारीख विचारा, मग सुट्टी टाका. मंडईला लेकी-जावई येतात, पाहुण्यांच्या बैठकीत सोयरिकीच्या गोष्टी निघतात. म्हणजे जोडप्याने नाटकाला येणं इथे नवं नाही. बायकोच्या माहेरच्या गावी मंडईला जायचं आणि रात्री सगळ्या गोतावळ्यासह नाटकाला बसायचं, ही जुनीच रीत आहे. मुलाबाळांसकट, चादरी-ब्लँकेटं घेऊन लोक येतात. थंडी कडाक्याची असते, तुम्हीही घेऊन या.

पट बंद पडले तेव्हा नाटकही संपलं, असं अनेकांना अजून वाटतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राला परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. मधल्या वर्षांत मंडईच्या निमित्ताने नाटकं होतच राहिली.

राहिली भीती. ‘गडचिरोलीकडे, तेही रात्री?’ ज्या भामरागड, एटापल्लीच्या बातम्या वाचून ही धास्ती बसली, ते तालुके मूलपासून आग्नेयेला, रस्त्याने शंभराहून अधिक किलोमीटरवर आहेत. मूल हे भाताच्या गिरण्यांचं, बाजाराचं गाव. गोंदिया–बल्लारशा लोहमार्गावर त्याचं स्टेशनही आहे.

खरा धोका रस्त्यावर आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. मूल–चंद्रपूर रस्ता असो की सिंदेवाहीची बाजू, दोन्हीकडे जंगल थेट डांबराला भिडलेलं. ताडोबाच्या कुंपण नसलेल्या हद्दीबाहेरही वाघ वावरतात; या भागात माणसं दगावली आहेत. चितळ, रानडुकरं अचानक आडवी येतात. धानाच्या पोत्यांनी लादलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना मागचा दिवा असेलच असं नाही, त्यात पहाटेचं धुकं. ‘नाटक दोन तासांत आटपेल, मग रात्रीच परत निघू’ हा बेत म्हणूनच चुकीचा. नाटक रात्री दहाच्या पुढे सुरू होतं आणि उजाडेपर्यंत चालतं. जंगलवाटेने आलेल्या माणसाला अंधारात परतावं लागू नये, ही सोयही त्यात आहे. दुचाकी असेल तर दिवस असतानाच गावात पोहोचा आणि ऊन वर आल्यावरच निघा. रविवार मोकळा असेल तर मूलजवळच बाबा आमट्यांनी उभा केलेला सोमनाथ प्रकल्प आणि तिथला धबधबा आहे. फक्त गाडी चालवणाऱ्याने आधी दोन-चार तास झोप काढावी.