जुनी लेन्स, नवा कॅमेरा आणि मधली रिंग

ज्या घरात पूर्वी कोणी फोटोग्राफीचा धंदा केला किंवा नुसती हौस केली, त्या घरात कपाटाच्या वरच्या कप्प्यात एखादी कातडी पिशवी सापडतेच. आत निकॉनचा, पेंटॅक्सचा नाहीतर रशियन झेनिटचा कॅमेरा असतो. रोल महागला, धुऊन देणारेही मोजकेच उरले, म्हणून तो पडून राहतो. पुढे घरातला मुलगा किंवा मुलगी पै-पै साठवून डिजिटल कॅमेरा घेते आणि प्रश्न उभा राहतो, की या जुन्या लेन्सचे करायचे काय? भंगारवाला ती कवडीमोलाने मागतो. कोणी मित्र सांगतो, बाजारात एक रिंग मिळते, ती मध्ये लावली की कोणतीही लेन्स कोणत्याही कॅमेऱ्यावर बसते.

भंगारवाल्याचे तर ऐकूच नये. मित्राचेही निम्मेच खरे आहे. रिंग मिळते, पण कोणतीही लेन्स कोणत्याही कॅमेऱ्यावर चालत नाही. कुठली चालेल हे ठरवायला तज्ज्ञ लागत नाही, एक वजाबाकी लागते. ती आधी करून मग पाकिटाला हात घालावा, एवढ्यासाठी हा लेख.

मुळात जुनी लेन्स जपायची कशासाठी? नव्या कॅमेऱ्याबरोबर बहुधा १८-५५ मिमीची झूम लेन्स मिळते. ती पूर्ण लांबवली, की तिचे छिद्र, म्हणजे ॲपर्चर, सहसा एफ ५.६ च्या वर उघडत नाही. जुन्या कॅमेऱ्यावर असायची ती ५० मिमीची साधी लेन्स एफ १.८ किंवा एफ २ पर्यंत उघडते. हिशेब केला तर १.८ ची लेन्स ५.६ च्या मानाने नऊ-दहा पट उजेड आत घेते. लग्नाच्या हॉलमध्ये, रात्रीच्या कार्यक्रमात, एका ट्यूबलाइटच्या खोलीत फोटो काढणाऱ्याला हा फरक चांगला कळेल. ज्या पोराला अशा कामावरच चार पैसे मिळवायचे आहेत, त्याच्यासाठी कपाटातली ती पिशवी म्हणजे फुकटचे भांडवल आहे.

आता वजाबाकीकडे वळू. प्रत्येक कॅमेऱ्यात लेन्स जिथे बसते ती धातूची कडी आणि आतली फिल्म किंवा सेन्सर यांच्यात ठरावीक अंतर असते. लेन्स बनवणारा त्या अंतराचा नेम धरूनच लेन्स बनवतो. निकॉनच्या १९५९ पासूनच्या एफ माउंटचे हे अंतर ४६.५ मिमी आहे. कॅननने १९८७ मध्ये आणलेल्या ईएफ माउंटचे ४४, आणि त्याआधीच्या कॅनन एफडीचे ४२. मिनोल्टाच्या जुन्या हाताने फोकस करायच्या लेन्सचे ४३.५ आणि ऑलिंपस ओएमचे ४६. झेनिट, प्राक्टिका, जुने पेंटॅक्स यांच्या लेन्स खटक्याने न बसता स्क्रूसारख्या फिरवून बसतात. त्या माउंटला एम-४२ म्हणतात, कारण आट्यांचा व्यास ४२ मिमी असतो. त्याचे अंतर ४५.४६ मिमी.

लेन्सच्या अंतरातून कॅमेऱ्याचे अंतर वजा करा. जे उरेल तेवढ्या जाडीची रिंग मध्ये बसली पाहिजे. निकॉनची लेन्स कॅननच्या आरशाच्या डिजिटल कॅमेऱ्यावर लावायची तर ४६.५ वजा ४४, उरले २.५ मिमी. पातळ का होईना, रिंगला जागा आहे, म्हणून ही जोडी जमते. एम-४२ लेन्स कॅननवर लावताना दीड मिमीही पुरते उरत नाही, तरी तेवढ्यात काम भागते. पण तीच एम-४२ लेन्स निकॉनच्या आरशाच्या कॅमेऱ्यावर लावायला गेलात तर वजाबाकी उलटी येते. लेन्स सेन्सरच्या जेवढी जवळ हवी तेवढी जाऊच शकत नाही. ती बसेल, फिरेल, चांगली दिसेलही. पण ५० मिमीची लेन्स दीड-दोन मीटरच्या पलीकडचे काही स्पष्ट दाखवणार नाही. वर-वधूच्या हातावरची मेंदी नीट येईल, मंडपातले पाहुणे धूसर.

अशा वेळी दुकानदार काच असलेला ॲडॉप्टर पुढे करतो. आतली बारीक काच लांबचा फोकस परत मिळवून देते हे खरे, पण त्या स्वस्त काचेतून फोटोची धार जाते, लेन्स पूर्ण उघडली की कडा दुधाळ होतात आणि चित्रही थोडे मोठे होऊन येते. कॅननच्या एफडी लेन्स त्याच कंपनीच्या ईएफ कॅमेऱ्यावर लावायच्या तरी हाच प्रकार करावा लागतो, कारण ४२ मधून ४४ जात नाहीत. नाव एक आहे म्हणून लेन्स बसेल असे समजू नये. माझे मत विचाराल तर काचेच्या ॲडॉप्टरवर पैसे घालू नयेत. त्यापेक्षा थांबावे.

थांबायचे ते बिनआरशाच्या कॅमेऱ्यासाठी. ज्याला मिररलेस म्हणतात, त्यात आरसा नसल्यामुळे हे अंतर फारच कमी असते. सोनी ई माउंटचे १८ मिमी, फुजी एक्सचे १७.७, मायक्रो फोर थर्ड्सचे १९.२५, आणि २०१८ मध्ये आलेल्या कॅनन आरएफचे २० व निकॉन झेडचे १६. वर सांगितलेल्या सगळ्या जुन्या लेन्सची वजाबाकी या कॅमेऱ्यांवर सुलटी येते, आणि जागाही भरपूर उरते. एम-४२ लेन्स सोनीवर लावायची तर २७ मिमीहून जास्त. त्यामुळे आत काच नसलेली धातूची पोकळ नळी पुरते, आणि ती काही शे रुपयांपासून मिळते. पूर्वी अडगळ ठरलेल्या एफडी आणि मिनोल्टाच्या लेन्सना २००८ नंतर, म्हणजे मिररलेस कॅमेरे येऊ लागल्यावर, पुन्हा गिऱ्हाईक आले ते यामुळेच.

अंतर जमले तरी ॲपर्चर कोण फिरवणार, हा दुसरा प्रश्न. साधी नळी लेन्सशी बोलत नाही, तिच्यात तारा नसतात. म्हणून लेन्सच्या अंगावर ॲपर्चरचे कडे हवे. जुन्या लेन्सना ते असतेच. निकॉनच्या नावापुढे जी अक्षर असलेल्या लेन्सना ते नसते. त्यांच्यासाठी स्वतःचे कडे असलेला ॲडॉप्टर मागून घ्यावा. कॅनन ईएफचे ॲपर्चर विजेवर चालते, तिथे तारांचा महागडा ॲडॉप्टरच लागतो. एम-४२ लेन्सच्या पाठीमागे एक बारीक खिळा असतो. तो दाबला तरच छिद्र बंद होते. लेन्सवर ऑटो-मॅन्युअलचा खटका असेल, जसा पेंटॅक्सच्या पुष्कळशा टाकुमार लेन्सवर असतो, तर तो मॅन्युअलवर ठेवला की भागते. खटका नसेल तर आतून कडा असलेला, खिळा दाबून धरणारा ॲडॉप्टर घ्यावा. हे न पाहता घेतलेल्या रिंगवर लेन्स कायम पूर्ण उघडीच राहते, आणि गिऱ्हाईक बिचारे लेन्सला दोष देते.

निकॉनची जुनी लेन्स निकॉनच्याच आरशाच्या कॅमेऱ्यावर लावणाऱ्यांसाठी एक सावधगिरीची गोष्ट. १९७७ मध्ये कंपनीने कड्याची रचना बदलली. त्याआधीची, न बदललेली लेन्स काही डिजिटल कॅमेऱ्यांवर जबरदस्तीने फिरवली तर कॅमेऱ्याच्या कडेचा नाजूक खटका मोडू शकतो. अडते आहे असे वाटले तर जोर लावू नये. डी-३००० आणि डी-५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांवर हाताच्या लेन्स बसतात, पण उजेड मोजला जात नाही. मॅन्युअलवर ठेवून अंदाजाने काढावे लागते. दोन-चार फोटो काढून पडद्यावर पाहिले की अंदाज बसतो. रोलच्या काळात ही सोय कुठे होती?

मिररलेसवर नळी लावून बटण दाबले आणि फोटोच निघाला नाही, तर घाबरू नका. लेन्स नाही असे समजून कॅमेरा अडून बसला आहे. मेनूमध्ये लेन्सशिवाय शटर चालू ठेवण्याची सोय असते, ती चालू करा. फोकस हातानेच करायचा. त्यासाठी चित्र मोठे करून पाहण्याची आणि स्पष्ट कडांना रंग दाखवण्याची सोय वापरा. फोकस आधी छिद्र पूर्ण उघडून करावा आणि मग हवे तेवढे मिटावे. कॅमेऱ्याच्या अंगातच हात हलण्यावरचा उपाय असेल, तर लेन्सचे मिमी किती ते मेनूत भरून द्यावे, कारण नळी ते सांगत नाही. आणि एक लक्षात असू द्या. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५० मिमीची लेन्स दीडपट, म्हणजे ७५ सारखी दिसते, कॅननवर ८० सारखी. चेहऱ्याच्या फोटोला उत्तम, पण छोट्या खोलीत सगळे कुटुंब एकदम मावायचे नाही.

ॲडॉप्टर हातात घेतल्यावर तो लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये डुगडुगतो का ते आधी पाहावे. आतली बाजू चकचकीत नसावी, काळी व मंद असावी, नाहीतर उजेड आपटून फोटोवर पांढुरका डाग येतो. मुद्दाम थोडी आखूड केलेली नळी चालते. मग अंतराच्या खुणा जुळत नाहीत एवढेच. लांब मात्र असता कामा नये. वजनदार लांब पल्ल्याची लेन्स असेल तर हात लेन्सखाली धरावा, सगळा भार रिंगवर आणि कॅमेऱ्याच्या कडीवर टाकू नये.

आता लेन्सच्या पुढच्या तोंडाकडे येऊ. तिथे फिल्टर बसतो, आणि तिथला घोटाळा निराळा. लेन्सवर ५० मिमी लिहिले आहे म्हणून ५० चा फिल्टर मागणारे पुष्कळ भेटतात. ते ५० म्हणजे लेन्सचा पल्ला. फिल्टरचे माप वेगळे लिहिलेले असते, गोलावर तिरकी रेघ मारलेली खूण आणि तिच्यापुढे आकडा. निकॉनच्या कितीतरी जुन्या लेन्सना तो ५२ आहे, पेंटॅक्सच्या कितीतरी लेन्सना ४९, कॅननच्या १८-५५ ला बहुधा ५८. खूण पुसली असेल तर लेन्सच्या झाकणाच्या आत पाहा, तिथे बरेचदा आकडा असतो.

तीन लेन्स आणि तीन मापे असतील तर प्रत्येकीसाठी वेगळा फिल्टर घेणे म्हणजे उधळपट्टी. सर्वांत मोठ्या तोंडाच्या मापाचा एकच चांगला फिल्टर घ्यावा आणि बाकीच्यांसाठी वाढती रिंग, जिला दुकानात स्टेप-अप म्हणतात, ती घ्यावी. तिच्यावर ५२-५८ असे लिहिलेले असते. पहिला आकडा लेन्सचा, दुसरा फिल्टरचा. उलटी, म्हणजे घटती रिंग सहसा घेऊ नये. लहान फिल्टरची कड चित्रात येते आणि फोटोचे चारही कोपरे काळे पडतात. वाढत्या रिंगची अडचण एवढीच, की मूळचे हूड मग बसत नाही.

फिल्टरही मोजकेच लागतात. यूव्ही फिल्टर डिजिटलमध्ये फोटो सुधारत नाही, तो काचेची राखण करतो. धुळीत, गुलालात जरूर लावावा. रात्री दिव्यांसमोर काढून ठेवावा, नाहीतर दिव्यांची भुते उमटतात. रोलच्या काळातले निळे आणि तांबूस रंगदुरुस्तीचे फिल्टर आता लागत नाहीत, ते काम कॅमेराच करतो. पैसे घालायचे तर पोलरायझरवर घालावेत. तो फिरवला की पाण्यावरची, पानांवरची आणि काचेवरची चमक मारली जाते. सूर्य एका खांद्याशी असताना आकाश गडद होते. उजेड मात्र दीड-दोन स्टॉप कमी होतो, त्यामुळे हॉलमध्ये तो वापरू नये. भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोची काच न काढता नक्कल करायची असेल, तर थोडे तिरके उभे राहून पोलरायझर फिरवून पाहा. अगदी समोरून काढायचा असेल तर तो उपयोगाचा नाही. मग आपल्यामागे काळे कापड धरायला कोणाला तरी उभे करा.

रिंगा एकमेकींत अडकतात ही रोजची तक्रार आहे. ॲल्युमिनियमच्या रिंगा जास्त अडकतात, पितळेच्या कमी. लावताना आधी उलट फिरवावी, टक असा बारीक आवाज आला की आटे जुळले, मग सुलट फिरवावी आणि हलक्या हाताने थांबावे. अडकलीच तर चिमट्याने धरू नये. बोटांनी जोरात दाबले तरी गोल रिंग अंडाकृती होते आणि आणखी घट्ट बसते. रुंद रबर कडेभोवती गुंडाळून, तळव्याने सगळीकडून सारखे धरून फिरवावे.

हे सारे करण्याआधी जुन्या लेन्समधून टॉर्चचा उजेड आरपार पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या पांढऱ्या रेषा दिसल्या तर ती बुरशी आहे. आपल्याकडच्या पावसाळ्यात कातडी पिशवी ओल धरते आणि बुरशी तिथेच वाढते. लेन्स पिशवीतून काढून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. बुरशी लागलेली लेन्स वेगळ्या डब्यात.

मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात कॅमेऱ्याच्या सामानाची दुकाने आहेत. इतर शहरांतही अशी एखादी गल्ली असते. जाताना कॅमेरा आणि लेन्स दोन्ही बरोबर न्या. रिंग तिथेच बसवून मागा आणि दुकानाच्या दारात येऊन रस्त्याच्या टोकाची पाटी, नाहीतर लांबची पाण्याची टाकी पाहा. दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू द्या. पाटीवरची अक्षरे स्वच्छ वाचता आली, ॲपर्चरचे कडे फिरवल्यावर चित्र अंधारले आणि पुन्हा उजळले, तरच पैसे द्या.