यॉर्कशायर ते बिदर : बोलींच्या पोटातला इतिहास

उद्या पाहुणा येणार असल्याचं दुसऱ्या कुणाकडून कळलं, तर बिदर जिल्ह्यातल्या भालकीच्या बाजारातला माणूस ती बातमी तीन भाषांत सांगू शकतो. मराठीत, ‘तो उद्या येतो म्हणे.’ दख्खनीत, ‘उनें कल आता कते.’ आणि कन्नडात, ‘अव नाळि बर्तानंत.’ तिन्ही वाक्यांतले शब्द निरनिराळे आहेत, पण ठेवण एकच आहे. आधी माणूस, मग दिवस, मग येणं आणि सगळ्यात शेवटी एक छोटा तुकडा : म्हणे, कते, अंत. ही गोष्ट आपण ऐकलेली आहे, डोळ्यांनी पाहिलेली नाही, एवढं सांगणं हेच त्या तुकड्याचं काम. दिल्ली-लखनौकडचा माणूस हेच सांगताना ‘सुना है कि’ अशी सुरुवात करतो. बिदरची दख्खनी कुळानं उत्तरेची. पण वाक्य मात्र ती शेजारच्या मराठी-कन्नडासारखं बांधते.

अशी वाक्यं एका दिवसात जुळून येत नाहीत. पिढ्यानपिढ्या एकमेकांच्या शेतात राबलेल्या, एकमेकांच्या दुकानात उधारी ठेवलेल्या माणसांचा इतिहास त्यांत साठलेला असतो. बिदर आणि कलबुर्गी हे कर्नाटकातले दोन सीमावर्ती जिल्हे अशा इतिहासाचं भांडार आहेत. तो वाचायचा कसा, हे समजून घ्यायचं तर इंग्रजीच्या अभ्यासकांनी आपल्या भाषेचा भूतकाळ कसा शोधला, ते आधी पाहायला हवं.

इंग्रजी : चार बोली आणि एक शेजार

आज जगभर पसरलेली इंग्रजी जन्मली तेव्हा ‘एक’ भाषा नव्हती. पाचव्या शतकापासून अँगल, सॅक्सन, ज्यूट अशा जर्मानिक टोळ्या समुद्र ओलांडून ब्रिटनमध्ये आल्या आणि त्यांच्या बोलण्यातून जुन्या इंग्रजीच्या चार मुख्य बोली घडल्या : नॉर्थंब्रियन, मर्सियन, केंटिश आणि वेस्ट सॅक्सन. नवव्या शतकाच्या अखेरीस आल्फ्रेड राजाच्या वेसेक्समध्ये ग्रंथरचनेला जोर आला, म्हणून जुनं इंग्रजी वाङ्मय आपल्याला बहुतेक वेस्ट सॅक्सनच्या वळणाचं दिसतं. बाकीच्या बोली हरवल्या नव्हत्या, फक्त त्या फारशा लिहिल्या गेल्या नाहीत. लिहिलेलं तरी किती नशिबानं टिकतं पाहा. ‘बेओवुल्फ’ हे इंग्रजीचं महाकाव्य एकाच हस्तलिखितात उरलं आहे आणि तेही १७३१च्या आगीत कडेनं होरपळलं.

त्याच नवव्या शतकात डेन्मार्क-नॉर्वेकडचे लोक इंग्लंडच्या उत्तरेत आणि पूर्वेत येऊन स्थायिक झाले. आधी लढाया झाल्या, मग बांधाला बांध लागला, सोयरिकी झाल्या. या शेजाराची खूण गावांच्या नावांत राहिली : ग्रिम्सबी, व्हिटबी, डर्बी यांतला ‘बी’ म्हणजे त्यांच्या भाषेतलं गाव. पण त्याहून खोल खूण व्याकरणात आहे. ‘दे’, ‘देम’, ‘देअर’ ही सर्वनामं इंग्रजीनं त्या शेजाऱ्यांकडून घेतली. एखादं फळ, एखादं कापड नवीन आलं की त्याचा शब्द कोणतीही भाषा उचलते. सर्वनाम उचलायला मात्र रोजचं, बरोबरीचं, घराच्या उंबऱ्याआतलं बोलणं लागतं.

छपाई सुरू झाली तेव्हाही ही विविधता कायम होती. विल्यम कॅक्स्टन या पहिल्या इंग्रज मुद्रकानं १४९०च्या एका प्रस्तावनेत आठवण सांगितली आहे. काही व्यापारी केंटमध्ये उतरले आणि एका घरी अंडी मागू लागले. त्यांनी उत्तरेकडचा ‘एग्ज’ हा शब्द वापरला. घरधनीण म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. दुसऱ्यानं ‘आयरेन’ हा दक्षिणेतला शब्द उच्चारला तेव्हा कुठे तिला कळलं. पुस्तकात कोणता शब्द छापावा, हा कॅक्स्टनपुढचा प्रश्न होता. पुढे ‘एग’ टिकला, आणि तोही मूळचा त्याच उत्तरेच्या शेजाऱ्यांचा.

गिरणीतला मुलगा आणि ७०,००० शब्द

या बोलींची नोंद करण्याचं सगळ्यात मोठं काम एका कामगाराच्या मुलानं केलं. जोसेफ राइट १८५५ मध्ये यॉर्कशायरमध्ये जन्मला. सहाव्या वर्षी तो खाणीवर गाढवं हाकायला लागला, पुढे कापडगिरणीत गेला. पंधरा वर्षांचा होईपर्यंत त्याला वाचता येत नव्हतं. रात्रीच्या शाळेत तो शिकला, जर्मनीत जाऊन भाषाशास्त्राची पदवी मिळवली आणि १९०१ मध्ये ऑक्सफर्डला तौलनिक भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला. त्यानं संपादलेला इंग्रजी बोलींचा कोश १८९८ ते १९०५ या काळात सहा खंडांत निघाला. त्यात सुमारे ७०,००० नोंदी आहेत. घरात ऐकलेल्या यॉर्कशायरी बोलीला या माणसानं विद्यापीठात मान मिळवून दिला. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा लेखक टॉल्कीन याच राइटचा विद्यार्थी.

दुसऱ्या महायुद्धानंतर लीड्सचे हॅरल्ड ऑर्टन आणि झुरिकचे ऑयगेन डीट यांनी याच्या पुढचं पाऊल टाकलं. १९५० ते १९६१ या काळात त्यांच्या कार्यकर्त्यांनी ३१३ ठिकाणी जाऊन १३००हून अधिक प्रश्न विचारले. माणसं निवडली ती बहुतेक साठीच्या पुढची, त्याच गावात जन्म काढलेली, शेतावर राबलेली. दात आणि कान धड आहेत ना, तेही पाहिलं जाई, कारण उच्चार नेमका टिपायचा होता. ‘तुम्ही अमक्याला काय म्हणता?’ असं नाव घेऊन विचारायचं नाही, असा दंडक होता. गाई बांधतात त्या जागेचं वर्णन करायचं किंवा वस्तूकडे बोट दाखवायचं आणि शब्द समोरच्याच्या तोंडून येऊ द्यायचा. या नोंदी नकाशावर मांडल्या तेव्हा हजार वर्षांपूर्वीच्या डेनिश वस्तीची हद्द कितीतरी शब्दांच्या सीमारेषांतून पुन्हा वर आली. ओढ्याला ‘बेक’ म्हणणारा शेतकरी नकळत नवव्या शतकाची साक्ष देत होता.

मान्यखेट ते कल्याणी

इंग्लंडात डेन लोक उतरत होते त्याच सुमाराला कलबुर्गी जिल्ह्यातल्या मळखेडला, म्हणजे राष्ट्रकूटांच्या मान्यखेटाला, अमोघवर्ष नृपतुंग राज्य करत होता. त्याच्या दरबारात ८५०च्या आसपास ‘कविराजमार्ग’ हा कन्नड ग्रंथ सिद्ध झाला. कन्नड देश कावेरीपासून गोदावरीपर्यंत आहे, हे त्यातलं विधान सीमावादात वारंवार ऐकू येतं. पण भाषेच्या अभ्यासकाला मोलाची आहे ती त्यातली दुसरी नोंद. किसुवोळल म्हणजे पट्टदकल, कोपण म्हणजे कोप्पळ, पुलिगेरे म्हणजे लक्ष्मेश्वर, आणि ओंकुंद या चार ठिकाणांमधल्या भागातलं कन्नड ते गाभ्याचं कन्नड, असं ग्रंथकार सांगतो. अकराशे वर्षांपूर्वी आपल्या भूमीत कुणी बोलींचा भूगोल मांडतो, ही केवढी गोष्ट! आणि नकाशा उघडून पाहिला तर मळखेड या चौकोनाच्या बाहेर, ईशान्येला पडतं. राजधानी होती ती भाषांच्या सरमिसळीच्या पट्ट्यात.

त्याच मान्यखेटात दहाव्या शतकात पुष्पदंत या जैन कवीनं अपभ्रंश भाषेत ‘महापुराण’ रचलं. प्राकृत आणि आजच्या आर्यभाषा यांच्यामधली पायरी म्हणजे अपभ्रंश. मराठीचं पूर्वरूप शोधणाऱ्याला हा ग्रंथ टाळता येत नाही. डॉ. प. ल. वैद्य यांनी तो चिकाटीनं संपादून १९३७ ते १९४१ या काळात तीन खंडांत प्रसिद्ध केला. म्हणजे कन्नडाचा आद्य उपलब्ध ग्रंथ आणि अपभ्रंशाचं हे शिखर, दोन्ही मळखेडच्या मातीतली.

कलबुर्गी जिल्ह्यातून वाहणारी भीमा वरच्या अंगाला दक्षिण सोलापूर तालुक्यात सीनेला भेटते. त्या संगमावर हत्तरसंग कुडल आहे. तिथल्या संगमेश्वर मंदिरातल्या शके ९४०च्या, म्हणजे १०१८च्या लेखात ‘वाछि तो विजेया होइवा’ हे मराठी वाक्य कोरलेलं आहे. जो वाचेल तो विजयी होईल, असा त्याचा अर्थ. मराठीच्या अगदी आरंभीच्या उपलब्ध वाक्यांपैकी हे एक, आणि ते ज्या गावात आहे त्याच्या नावातला ‘कुडल’ हा संगमासाठीचा कन्नड शब्द.

पुढे १२व्या शतकात कल्याणी, म्हणजे आजचं बसवकल्याण, चालुक्यांची राजधानी होती. तिथला राजा सोमेश्वर तिसरा यानं ११२९ मध्ये ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ज्ञानकोश लिहिला. महाराष्ट्रातल्या बायका कांडण करताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. ज्ञानेश्वरीच्या दीडशेहून अधिक वर्षं आधीची ओवीची ही खूण बिदर जिल्ह्यातल्या राजधानीत लिहिली गेली. त्याच गावात काही दशकांनी बसवण्णांच्या शरणांची वचनं कन्नडात घुमली.

बिदरची दख्खनी

अहमदशहा बहामनीनं १५व्या शतकात राजधानी गुलबर्ग्याहून, म्हणजे आजच्या कलबुर्गीहून, बिदरला हलवली. त्याच काळात निजामी या कवीनं ‘कदमराव पदमराव’ हे काव्य लिहिलं. राजा कदमराव आणि नाग पदमराव यांची ही कथा. दख्खनीतलं सगळ्यात जुनं उपलब्ध काव्य म्हणून ते ओळखलं जातं. ‘बेओवुल्फ’सारखंच तेही एका हस्तलिखितात उरलं. ते कराचीला आहे. जमील जालिबी यांनी १९७३ मध्ये ते छापून आणलं.

गुलबर्ग्याचे ख्वाजा बंदानवाज गेसूदराज यांच्या नावावर ‘मेराजुल आशिकीन’ हा गद्यग्रंथ बराच काळ दाखवला जाई आणि त्यालाच दख्खनीचं पहिलं गद्य म्हटलं जाई. पुढच्या अभ्यासकांनी भाषा आणि परंपरा तपासून तो नंतरच्या काळातला ठरवला. ग्रंथाचं वय त्याच्या बोलीवरून ओळखता येतं, याचा हा आपल्या मातीतला धडा.

दख्खनीनं मराठीकडून काय घेतलं ते रोज कानावर पडतं. ‘नक्को’ सगळ्यांना माहीत आहे. पण ‘उनेंच आया’ यातला जोर देणारा ‘च’ अधिक खोलातला आहे. ‘स्कूल है बोलके जल्दी उठा’ हे वाक्य ‘शाळा आहे म्हणून लवकर उठला’ याच्या शेजारी ठेवा. कलबुर्गीच्या कन्नडात तेच ‘साली अद अंत लगू एद्द’ असं होतं. मराठी ‘म्हणून’, दख्खनी ‘बोलके’, कन्नड ‘अंत’ : तिन्ही शब्द बोलण्याच्या क्रियापदातून आले आणि तिन्ही कारण सांगायला लागले. उलट दिशेनं मराठीनंही घेतलं आहे. तूप, अडकित्ता, अक्का, अण्णा हे शब्द कन्नडाच्या घरचे. ‘आम्ही’ आणि ऐकणाऱ्यालाही सामावून घेणारं ‘आपण’ हा भेद तेलुगूत ‘मेमु’ आणि ‘मनमु’ असा आहे. मराठीतला हा भेद द्राविडी संगतीतला असावा, असं अनेक अभ्यासक मानतात. डेन शेजाऱ्यांनी इंग्रजीच्या सर्वनामांना हात लावला, तसाच हा प्रकार.

ही देवाणघेवाण बाजारापुरती नव्हती. बिदरच्या शाही घराण्यातला म्हणून ओळखला जाणारा शहा मुंतोजी मृत्युंजय झाला आणि मराठीत ‘सिद्धसंकेत’ लिहून गेला. रा. चिं. ढेरे यांनी मुसलमान मराठी संतकवींवर लिहिताना त्याची ओळख करून दिली. हुमनाबादजवळच्या माणिकनगरचे माणिकप्रभू (१८१७–१८६५) यांची पदं मराठीत आहेत, कन्नडात आहेत आणि हिंदी-उर्दूतही आहेत.

कोरा राहिलेला नकाशा

राइटचा कोश पूर्ण झाला त्याच १९०५ मध्ये ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीचा खंड निघाला. हा योगायोग सुखद आहे, पण आपल्यासाठी त्याला एक दुखरी बाजू आहे. हैदराबाद संस्थान त्या पाहणीत धरलेलं नव्हतं. बिदर आणि गुलबर्गा निजामाच्या राज्यात, त्यामुळे वऱ्हाडी, कोकणीचे नमुने नोंदले गेले आणि मराठी-कन्नड-दख्खनी-तेलुगू यांच्या या चौरस्त्यावरचे राहून गेले.

मग आलं १९५६. त्या वर्षी भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांचा भारत हे एक ‘भाषिक क्षेत्र’ असल्याचा गाजलेला निबंध प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या कुळांच्या भाषा शेजारानं एकमेकींसारख्या होतात, हे त्यांनी दाखवलं. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला बिदर जिल्ह्याचे भाषेच्या आधारे तीन भाग झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मराठी मुलखात गेले; जहीराबाद, नारायणखेड तेलुगू मुलखात; आणि बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात. राज्यकारभाराला रेषा लागते. पण त्यानंतर इकडचे अभ्यासक राज्याच्या हद्दीशी थांबू लागले, आणि बोली मात्र औराद-कमलनगरपासून आळंदपर्यंत तशाच नांदत राहिल्या.

असा अभ्यास किती फळतो, हे सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडनं दाखवून दिलं आहे. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये त्या एका गावाच्या बोलण्यावर निबंध लिहिला. तिथल्या कन्नड, मराठी, उर्दू यांचं व्याकरण इतकं जवळ आलं होतं की एका भाषेतलं वाक्य दुसऱ्या भाषेत शब्दाला शब्द ठेवून उतरवता येई. त्या निबंधानं कुपवाडचं नाव जगभरच्या भाषाशास्त्राच्या वर्गांत पोचवलं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं अलीकडे राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्यानं महाराष्ट्रातल्या मराठी बोलींची पाहणी करून ध्वनिमुद्रणं सर्वांसाठी खुली केली आहेत. आता तेच काम रेषेच्या पलीकडे जायला हवं.

त्यासाठी फार मोठा पैसा लागत नाही. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद इथल्या महाविद्यालयांत मराठी, कन्नड आणि उर्दू शिकवणारे शिक्षक आहेत. त्यांनी एकच प्रश्नावली तिन्ही भाषांसाठी करावी, कारण एकटी मराठी तपासून हा इतिहास उलगडणार नाही. औताचे भाग, ज्वारीच्या कामाच्या पायऱ्या, नात्यांची नावं, स्वयंपाकघरातली भांडी आधी घ्यावीत. ऑर्टनच्या माणसांप्रमाणेच शब्द न सुचवता वस्तू दाखवावी. साठीच्या पुढच्या बायकांना पहिलं स्थान द्यावं. इंग्लंडच्या पाहणीत पुरुषच जास्त होते, ती उणीव आपण ठेवू नये. शब्दांइतकंच लक्ष ‘म्हणे’, ‘कते’, ‘अंत’ अशा तुकड्यांवर असावं. आणि जुन्या वतनदार घरांतले, मठांतले मोडी कागद बोलीच्या दृष्टीनं वाचावेत. इंग्लंडात १४व्या-१५व्या शतकांतल्या हस्तलिखितांच्या वर्णलेखनावरून बोलींचा अख्खा नकाशा उभा केला गेला आणि तो १९८६ मध्ये छापला गेला.

मराठी शाळेत गेलेली, शेतात कन्नड आणि बाजारात दख्खनी बोललेली जुनी पिढी आज वयस्क झाली आहे. त्यांची नातवंडं एका शाळेची, एका पाठ्यपुस्तकाची भाषा बोलू लागली आहेत. सीमेवर कुणाचा हक्क, हा वाद न्यायालयात चालू राहील. या पट्ट्यात भाषा एकमेकींना कशा घडवत गेल्या, याचं उत्तर मात्र या म्हाताऱ्या माणसांकडेच आहे. ते नोंदवून घेण्याचं काम मराठी आणि कन्नड अभ्यासकांनी मिळून, याच दशकात हाती घ्यावं.