मल्टिपल स्क्लेरोसिसमधील प्रतिपिंडे
शरीराच्याच प्रतिरक्षा यंत्रणेमुळे मेंदू व मेरुरज्जू यांतील तंत्रिकातंतूंच्या मायेलिन आवरणाचा नाश होऊन मल्टिपल स्क्लेरोसिस हा विकार उद्‌भवतो. मुंबई-पुण्याच्या पारशी समाजातील त्याचे लक्षणीय प्रमाण नोशीर वाडिया व सहकाऱ्याने १९९० मध्ये दाखविले. मस्तिष्क-मेरुद्रवात आढळणारे प्रतिपिंडांचे ऑलिगोक्लोनल पट्टे निदानास साहाय्यक ठरतात; मात्र केवळ त्यांवरून एखाद्या रुग्णातील विकाराची भावी तीव्रता निश्चित सांगता येत नाही. रक्तात ॲक्वापोरीन-४ विरोधी प्रतिपिंडे असल्यास विकार वेगळा, म्हणजे न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, असतो. त्याच्या झटक्याने कायमचे अंधत्व येऊ शकते आणि मल्टिपल स्क्लेरोसिसवरील इंटरफेरॉन-बीटा त्यात अपायकारक ठरते. म्हणून संशयित रुग्णांत उपचारांपूर्वी ही तपासणी आवश्यक असते.